दोरीच्या बाहेर

"ती नांदेडची कॉलेजवाली हाय ना, ती काय बोलत न्हाई. लिवून दिलंय तेवढंच म्हणंल आन जाईल."

आतल्या खोलीतला कारकून कुणाला तरी सांगत होता. दार अर्धं उघडं होतं आणि मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी हवालदार ताई होत्या. त्यांनीही ते ऐकलं असणार, कारण लातूरच्या नळाला पाणी कधी येतं आणि कधी येत नाही याबद्दल त्या मघापासून सांगत होत्या ते मध्येच थांबलं, आणि त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

कारकुनाला मी ओळखत नव्हते, पण तो खोटं बोलत नव्हता. मी बोलत नाही. शाळा इंग्रजी, घरात आमची दखनी, गल्लीत मराठी. तिन्ही भाषा येतात, पण कुठल्या माणसाशी कुठली काढावी हे ठरेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असते. लोकांना वाटतं, मुलगी शिष्ट आहे. तो समज मीही कधी दूर केला नाही. गप्प बसणाऱ्याला त्याची सोय असते.

त्या दिवशी मात्र मला लातूरला बोलण्यासाठीच बोलावलं होतं. ताईंची खात्याकडून चौकशी चालू होती आणि मी त्यात साक्षीदार होते. ताई बीटवरच्या हवालदार. म्हणजे ठरवून दिलेल्या गल्ल्या, वस्त्या आणि खेडी यांची गस्त घालायची, आणि तिथे काही झालं की सगळ्यांच्या आधी पोचायचं. मी नांदेडच्या प्रयोगशाळेतली. गुन्ह्याच्या जागी व्हॅन घेऊन जायचं, रक्त, ठसे, काचा, केस गोळा करायचे आणि काय घडलं असेल त्याबद्दल मत द्यायचं, हे माझं काम. आम्ही सगळ्यांच्या नंतर पोचतो.

ताईंना तपासाच्या कोर्सला जायचं होतं. तो केला की हवालदारालाही लहान गुन्ह्यांचा तपास स्वतः करता येतो, कागदावर तपासी अंमलदार म्हणून आपलं नाव लागतं. त्यांच्या ठाण्यातून एकच नाव जायचं होतं आणि ते त्यांचं ठरलं होतं. चौकशीत दोष निघाला तर ते कापलं जाणार होतं, आणि पुढच्या खेपेला तरुणांनाच पाठवू, असं साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बाकावर बसलेल्या आम्हा दोघींपैकी एकीच्या हातात दुसरीचं बरंच काही होतं, आणि दोघीही त्याविषयी बोलत नव्हतो.

पोलिसांतला वरचा-खालचा फरक मला पुस्तकांच्या आधी कपड्यांवरून कळला. अब्बांचं शिलाईचं दुकान नांदेडच्या जुन्या भागात आहे. खाकीचं काम आमच्याकडे दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या, वेळेपासूनचं. शाळेतून आले की मी मशीनमागे बसून बाहीवर लावायच्या फिती जुळवून ठेवायची. तीन फिती म्हणजे हवालदार. हवालदार माप द्यायला आला की हमखास म्हणायचा, चाचा, खिसे खोल ठेवा. तो गेल्यावर अब्बा हसायचे, "पहले जेबच फटती इनकी." खरंच, दुरुस्तीला आलेल्या वर्द्या खिशाजवळच उसवलेल्या असत. दिवसभर उभं राहायचं आणि लागेल ते सगळं अंगावर वागवायचं, असं ते काम.

गुन्हे तपासणारे मात्र साध्या शर्टात यायचे. तेही कपडे शिवायला नाही, तर दुकानापुढच्या सावलीत गाडी लावायला. त्यांच्याशी बोलताना हवालदार जरा वाकून बोलत. लहानपणी माझी समजूत अशी की पोलिसांत माणूस मोठा झाला की त्याची वर्दी सुटते.

मी विज्ञान घेतलं आणि पुढे न्यायसहायक विज्ञानाला गेले. पदवी, मग वरची पदवी, मग प्रयोगशाळेतलं उमेदवारीचं शिक्षण. रक्ताचा थेंब कोणत्या उंचीवरून पडला तर त्याची कडा कशी फाटते हे शिकण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. बकऱ्याचं रक्त आणून आम्ही ते पांढऱ्या कागदावर टाकत बसायचो. अम्मी म्हणायची, हे काय शिकवतात पोरींना. पण मला ते आवडायचं. थेंबाला कुणाशी बोलावं लागत नाही. तो पडतो आणि जे झालं ते सांगतो.

ताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या नांदेडला, आमच्याकडून बीटवरच्या लोकांसाठी घेतलेल्या एका प्रशिक्षणात. घटनास्थळी पहिल्यांदा पोचणाऱ्याने काय करावं हा विषय. आसपासच्या जिल्ह्यांतून हवालदार आणि शिपाई आणून बसवले होते. बरेचसे रात्रपाळी करून आलेले, पंख्याखाली डोळे मिटणारे. शिकवायला आमचे वरिष्ठ सर होते. पुढे उशा कोंबलेला एक पुतळा जमिनीवर पडलेला, त्याच्याभोवती दोरी बांधलेली. मी भिंतीवरच्या पडद्यावरची चित्रं बदलत होते. चित्रांवरची अक्षरं इंग्रजी होती. सर त्यातलं थोडं मराठीत सांगत आणि बाकीचं तसंच पुढे जाई.

कशाला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही, असं सर तिसऱ्या-चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला.

"सर, आमच्या भागात लिंगायत घरं लई हायेत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला बसवत्यात. आंग ताठलं की बसवता येत न्हाई, म्हणून घाई करत्यात. आमी पोचतो तवा म्हणत्यात, बाई, बसवू द्या. तवा आमी काय करायचं?"

मधल्या रांगेतला एक हवालदार मागे न वळताच म्हणाला, "आधी मुडद्यालाच इचारा बाई, बसायचं हाय का न्हाई." वर्ग जागा झाला. हसण्यात सरही थोडे सामील झाले. मग म्हणाले, तो सामाजिक विषय झाला, तो वेगळा. आपला नियम एकच, हात लावायचा नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, पुढचं चित्र. मी बटण दाबलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्याशी कुणी आपणहून बोलायला येत नाही, त्यामुळे मी जरा दचकले. त्यांनी पुरीचा तुकडा मोडत विचारलं, "मॅडम, तुमी तरी सांगा. तुमी तर लई शिकलाव म्हणं."

मी विचारलं, बसवतात म्हणजे कसं. त्यांनी सांगितलं. मांडी घालून भिंतीला टेकवतात, मान पडू नये म्हणून शालीने किंवा धोतराने खुंटीला बांधतात, कपाळभर विभूती लावतात, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. तसंच बसलेल्या अवस्थेत सजवलेल्या विमानातून, म्हणजे पालखीसारख्या डोलीतून, नेतात आणि बसलेलंच पुरतात. माणूस आडवा ताठला तर पुढे सगळंच अडतं, घरच्यांना ते फार लागतं. ताई स्वतः लिंगायत नव्हत्या. पण बीटवर इतकी वर्षं काढल्यावर कुणाच्या घरात काय करतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्या घरांत त्यांना कुणी बाहेरचं समजत नव्हतं.

मग त्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल बोलू लागल्या. भरतीला धावल्या, गोळा फेकला. नंतर प्रशिक्षण केंद्रात पहाटे परेड, लाठी, गोळीबार, आणि दुपारी कायद्याचा तास, ज्यात पोटभर जेवलेल्या पोरी बसल्या जागी झोपायच्या. प्रेताजवळ कसं उभं राहायचं ते कुणी शिकवलं नाही. पहिलं प्रेत त्यांनी पाहिलं ते एकटीने, विहिरीच्या काठावर, आणि जुन्या हवालदाराने सांगितलं होतं म्हणून त्याच्यावर आपला रुमाल टाकला. "आमाला पळायला शिकवलं, मॅडम. तुमाला थांबायला," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा होता, पण राग नव्हता.

तपासाचा कोर्स का हवा आहे ते त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. "पयली मीच पोचते, आन साहेब आले की दोरीच्या भायेर मीच उभी. मी काय बगितलं ते बी कुणी इचारत न्हाई." मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदवी केली होती ती याचसाठी. मुलगा बारावीला आणि आई बीएच्या शेवटच्या वर्षाला, अशी एकाच टेबलावर दोघांनी परीक्षेची तयारी केली. तो आईला चिडवायचा, तुझ्यापेक्षा जास्त मार्क पाडतो की नाही बघ.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी सुचलं नाही. शिवाय दुसऱ्यांच्या मयतीच्या रीतीबद्दल माझ्यासारखीने काही सांगणं बरं दिसेल का, हेही मनात आलं. आमच्याकडेही मयतीला उशीर करत नाहीत. दादीजान गेल्या तेव्हा दुपारच्या नमाजाला सगळं उरकलं होतं. कुणी वर्दीवाला दारात येऊन थांबा म्हणाला असता तर अब्बांना काय वाटलं असतं ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना हळूच विचारलं. ते रागावले नाहीत. ते पोलिसांनी ठरवायचं, आपण फक्त शास्त्र सांगायचं, असं म्हणाले. पोलिसांतले म्हणत असतील, ते शास्त्रवाल्यांनी सांगायचं. प्रशिक्षण संपलं, सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, आणि तो प्रश्न दोन खात्यांच्या मध्ये कुठेतरी पडून राहिला.

पुढचं सगळं उन्हाळ्यात घडलं.

औशाकडच्या एका गावात भांड्यांचं दुकान असलेले एक म्हातारे गृहस्थ सकाळी दुकान उघडायला गेले आणि माळ्याच्या जिन्याखाली पडलेले सापडले. डोक्याला मार, श्वास बंद. दोन्ही मुलगे वरच राहणारे. त्यांनी ठाण्यात कळवलं आणि ताई स्कूटीवर सगळ्यांच्या आधी पोचल्या. म्हातारा माणूस, अंधारा जिना, पाय घसरला, असंच सगळे म्हणत होते. ताईंनाही तसंच वाटलं. घर लिंगायतांचं. अंत्यविधी करणाऱ्या स्वामींना निरोप गेलेला. थोरली सून पदर डोक्यावर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, बाई, बसवू द्या, मग वेळ जाईल.

ताईंनी बसवू दिलं. नुसतं बसवू दिलं नाही, हातही लावला. शाल बांधेपर्यंत म्हाताऱ्याची मान त्यांनीच आपल्या हातांनी धरून ठेवली. बायकांनी चेहऱ्यावरचं रक्त पुसलं, विभूती लावली. कुणीतरी जिन्यावर आणि खालच्या फरशीवर बादलीने पाणी ओतून ती जागा धुवून काढली. मेलेल्या माणसाचं रक्त पायाखाली येऊ नये, इतका साधा हेतू.

मग उदगीरहून मुलगी आली. म्हाताऱ्यांची एकुलती एक मुलगी. तिने वडिलांना भिंतीशी बसलेलं पाहिलं, रडली, आणि रडणं आवरल्यावर म्हणाली, हे पडलेले नाहीत. दुकान मोडून तिथे काही दुसरं काढायचं म्हणून भावांचं वडिलांशी भांडण चालू होतं, आदल्या संध्याकाळीही झालं होतं, वडिलांनी तिला फोनवर सांगितलं होतं. तिने अंत्यविधी थांबवला आणि तक्रार दिली. नांदेडहून आमची व्हॅन निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. दुकानाला दोरी बांधलेली आणि दोरीच्या बाहेर ताई. त्यांनी मला ओळखलं. मी मान हलवली आणि दोरी उचलून आत गेले. आत भांड्यांच्या उतरंडीच्या पुढे म्हातारे मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष. सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या माणसासारखे. मी जिन्यावर रसायन फवारलं, पायऱ्यांच्या सांदी पाहिल्या, फरशीचे कोपरे पाहिले. रक्त होतं, पण ते आता सगळीकडे सारखंच, पाण्याबरोबर पसरलेलं. थेंब कुठून पडले, किती जोराने, माणूस आधी कुठे होता, त्याच्या हाताखाली काय होतं, यातलं काहीच उरलं नव्हतं. ज्या थेंबांवर माझा एक उन्हाळा गेला होता त्यांतला एकही तिथे शिल्लक नव्हता.

शवविच्छेदनातही निश्चित काही निघालं नाही. डोक्याचा मार पडून झालेला असू शकतो, तसा नसूही शकतो. मी माझ्या अहवालात लिहिलं की आमचं पथक पोचण्यापूर्वी घटनास्थळात बदल झालेला असल्याने मत देता येत नाही. ते वाक्य खरं होतं. तसं वाक्य मी आधीही लिहिलं होतं.

व्हॅनमध्ये सामान चढवत असताना ती मुलगी माझ्याजवळ आली. माझ्याच वयाची असेल, फार तर थोडी मोठी. म्हणाली, "मॅडम, बाबा पडले का पाडले, एवढंच सांगा. मग मी भावांच्या पाया पडेन, न्हाईतर तोंड बगणार न्हाई. पण सांगा." मी म्हणाले, अहवाल येईल. तिने मान डोलावली. अहवालात काय येणार हे मला तेव्हाच माहीत होतं.

परतीच्या रस्त्यावर, लातूर मागे पडल्यावर, मला ताईंच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. इतकं सोपं की मी व्हॅनमध्ये एकटीच ओशाळले. शरीर लगेच ताठत नाही. उन्हाळ्यात लवकर ताठतं, तरीही मध्ये थोडा वेळ मिळतोच. ही आमच्या अभ्यासातली अगदी सुरुवातीची गोष्ट, पहिल्याच सत्रातली. ताईंना एवढंच सांगायला हवं होतं की घाबरू नका, वेळ आहे. घरच्यांना म्हणा, बसवू, नक्की बसवू, पण आधी मला चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढू द्या, डॉक्टरला बघू द्या, आणि जिन्यावर पाणी टाकू नका. त्यांच्यासारख्या बाईने सांगितलं असतं तर त्या घराने ऐकलं असतं. माझं कुणी ऐकलं नसतं. वेळ असतो हे मला माहीत होतं आणि थांबा कसं म्हणायचं ते त्यांना येत होतं. त्या दिवशी जेवताना आमची ताटं एकमेकींना लागून होती.

यात कुणाला वाचवायचा मुद्दा नाही. ताईंची चूक झाली होती. त्या घरात कुणाला संशय आला नाही म्हणून आपणही संशय घ्यायचा नाही, ही त्यांची चूक. ओळखीच्या घरात ती सहज होते. मुलगे निर्दोष असतील तर तेही आता कधी सुटणार नाहीत, बहिणीच्या नजरेतून तरी. एका फरशीवर ओतलेल्या पाण्याने इतकी माणसं अडकली.

आता त्या बाकावर मी ताईंच्या शेजारी बसले होते ती माझ्याच त्या एका वाक्याची साक्ष द्यायला.

कारकुनाचं आतलं बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलं. मग ताईंनी पिशवीतून डबा काढला, त्यात शेंगदाण्याचे लाडू होते. "खा. नांदेडहून येष्टीनं आलाव, पोटात काय नसंल." मी एक घेतला. त्या आता मला मॅडम म्हणत नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, मुलगा काय करतो. म्हणाल्या, पुण्याला हाय, आन मला म्हणतोय, आई, आता तूच शीक, मी थकलो. त्या थोडं हसल्या. मला त्यांना सांगायचं होतं की उत्तर सापडलं आहे, वेळ असतो, फोटो काढायचे. पण आता ते सांगणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं झालं असतं.

त्याच मग म्हणाल्या, "तुमी माझ्यासाठी काय वेगळं बोलू नका. जे हाय ते सांगा. त्या उदगीरच्या लेकीला मी रस्त्यात बगते तवा मलाच खाली बगावं लागतंय. ती सारखी येती, ठाण्यात चकरा मारती. तिला काय सांगू? कोर्स गेला तर गेला." आणि मग, "गेला तर लई वाईट वाटंल, ते बी खरं हाय."

आतून माझं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या नाहीत, फक्त माझ्या कुर्त्यावर पडलेला लाडवाचा चुरा त्यांनी हाताने झटकला, जसा घरातली बाई झटकते.

ठाण्याच्या यादीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मी आत जे काही बोलले त्याने ते बदललं नाही. चौकशी संपायच्या आत नाव पाठवायची मुदत गेली आणि ताईंच्या जागी एक तरुण हवालदार गेला. चांगला मुलगा आहे म्हणतात. ताई अजून बीटवर आहेत. कधीकधी मला वाटतं, मी त्या दिवशी बोलले ते उशिराचं बोलणं होतं. उशिराने पोचायचं हे माझ्या कामातच आहे.

चौकशी करणारे साहेब सभ्य होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. खिडकीशी कारकून संगणकापुढे बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करायला तयार झाला. साहेबांनी अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, हे तुमचंच मत आहे ना. मी हो म्हणाले. घटनास्थळ धुतलेलं होतं? हो. प्रेत हलवलेलं होतं? हो. ते तसंच राहिलं असतं तर मृत्यू कसा झाला ते सांगता आलं असतं? मी म्हणाले, बहुतेक आलं असतं. कारकुनाची बोटं प्रत्येक उत्तरानंतर थोडी चालत आणि थांबत. मी लिहून दिलं होतं तेवढंच बोलत होते.

मग साहेबांनी आणखी एक कागद पुढे ओढला. नांदेडच्या त्या प्रशिक्षणाची हजेरी. ताईंची सही त्यांनी बोटाने दाखवली. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते फक्त काम पुरं करत होते.

"प्रशिक्षणाला या हजर होत्या. घटनास्थळी हात लावायचा नाही हे यांना शिकवलेलं होतं. म्हणजे माहीत असून केलं. एवढं हो म्हणा मॅडम, म्हणजे तुम्हाला दुपारची बस मिळेल."

दार अजून अर्धंच उघडं होतं. बाकावरचा ताईंचा हात मला दिसत होता, डब्याचं झाकण लावणारा. वर्गात ज्याने विनोद केला त्याचं हसणं मला आठवलं, उशांचा पुतळा आठवला, आणि बटणावरचं माझं बोट. कुठल्या भाषेत बोलावं हा प्रश्न मात्र त्या वेळी पडलाच नाही.

"माहीत नव्हतं, सर," मी म्हणाले. "नियम सांगितला होता, पण तो पाळायचा कसा ते नाही. लिंगायत घरात बसवू द्या म्हणतात तेव्हा काय करायचं, हे त्यांनी त्याच वर्गात सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी तिथे होते. सगळे हसले. उत्तर आम्ही दिलं नाही. उत्तर होतं, सर, आमच्याकडे होतं, आणि आम्ही दिलं नाही. हे माझ्या अहवालात नाही. तेवढं टाइप करून घ्या."